नागुबाईच्या फुफ्फुसातले मी

‘वखारीत तंबाखूची धूळ आढळली नाही. नागुबाई यांचा आजार त्यांच्या मिश्रीच्या सवयीमुळे उद्भवला.’ निपाणीच्या एका तंबाखू-वखारीच्या चौकशी अहवालातले हे वाक्य आहे. मित्रांनो, नागुबाईने जन्मात मिश्री लावली नाही. अहवाल लिहिणाऱ्याने तिचे दात पाहण्याचेही कष्ट घेतले नाहीत. मी मात्र तिच्या फुफ्फुसातच राहते.

मी एक जुने प्रथिन आहे. माझे घर पुरुषाच्या वृषणात. तिथे शुक्रपेशी घडवताना मी राबते. माझा आराखडा मात्र स्त्रीच्या पेशींतही असतो, फक्त कुलूपबंद.

नागुबाईने एकोणीस वर्षे तंबाखू चाळली. धूळ आत रुतत गेली, पेशी फाटत गेल्या आणि एकीने माझे कुलूप फोडले. मी जागे झाले ते कत्तलीत. त्या पेशीच्या पिलावळीने शेजारणींचे अन्न लुबाडले, भिंती कुरतडल्या, रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढल्या. जन्म घडवणारे माझे कसब मारेकऱ्यांच्या कामी आले. नागुबाई खोकली की घमेल्यात रक्त पडे.

बेळगावला डॉक्टर भैरवींनी मला सुईने ओढून काढले. कर्करोग नावाचा शत्रू ओळखायची खूण सापडली, म्हणून माझे कौतुकही केले. मी मूळचे कुठले, तेही त्यांनी कागदावर लिहिले. नागुबाईच्या लेकीने, मंगलने, तो कागद फेरचौकशीत दिला. मंगल आता आईच्याच चाळणीवर बसते. वखारीतली धूळ बाहेर फेकणारा, बंद पडलेला पंखा सुरू व्हावा, एवढेच मायलेकींचे मागणे होते.

वखारीचा मुकादम गुंडू तो कागद वाचून हसला. “बाप्याचं प्रथिन व्हय? आक्काचा न्हवरा जाऊन बारा वर्सं झाली. मग ह्यो पाव्हणा आलता कुठनं, इचारा की!”

मंगलने कॉलर धरून त्याचे डोके भिंतीवर आपटले.

“सोड गं त्याला,” नागुबाई धापा टाकत म्हणाली. “पोतं दाव.”

मंगलने पंख्याच्या तोंडातून उपसलेले पोते टेबलावर आदळले. खोलीभर तपकिरी धूळ उडाली. चौकशी अधिकाऱ्यांनी झटकन नाकाला रुमाल लावले.

“धूळ न्हाय म्हनता न्हवं सायेब? मग नाक का झाकलं?” नागुबाईने विचारले.

पोत्याच्या तोंडाला दुहेरी गाठीची शिलाई होती. तशी गाठ वखारीत एकटा गुंडूच मारतो, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. गुंडूने ती पाहिली आणि तो खाली बसला.

मित्रांनो, मला शिव्या देऊ नका. मला झोपू द्या. जिथे माणसे श्वास घेतात, तिथली वाऱ्याची वाट बुजवू नका. बाकी गुंडूचा जबाब, जसाच्या तसा:

“पोतं मीच कोंबलं. पंखा लावला की भुकटी भाईर उडायची, मालाचं वजन घटायचं. बायका खोकत्यात ह्ये मला म्हाईत होतं. मंगलला बी मीच तितं बसवली. तिच्या आईची जागा रिकामी झालती.”