दोन मतांचं घर

मित्रांनो, मी चाकांवरचं एक जुनं घर आहे. टेक्सासातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पत्र्याच्या भिंती, दोन खोल्या आणि कधीच नीट न बसणारी खिडकी. वीस वर्षं मी एका कुटुंबाला निवारा दिला, त्यांची पोरं माझ्यात रांगली. म्हातारपणी एका बिल्डरनं मला विकत घेतलं आणि माझी दशा फिरली.

त्यानं मला चारशे एकरांच्या माळावर आणून टाकलं. तिथं वसाहत उठवायची होती, आणि तिच्यासाठी आधी पाणी-सांडपाण्याची सोय बघणारं पाणी-मंडळ स्थापायचं होतं. मंडळ झालं की त्याला कर लावता येतो, लागेल ती जमीनही सक्तीनं घेता येते. पण ते व्हायला तिथल्या रहिवाशांची मतं लागतात. माळावर रहिवासी कुठले? साप आणि ससे! म्हणून क्लेटन आणि लोरीन या तरुण जोडप्याला माझ्यात फुकट ठेवलं.

मजा बघा, पाणी-मंडळाच्या मतदारांना प्यायला पाणी नव्हतं. कुंपणापलीकडे सत्तरीची व्हर्नाबाई एकटी राहायची. तिनं पहिल्याच दिवशी आपल्या बोअरची रबरी नळी कुंपणावरून इकडं टाकली.

"व्हर्नाबाई, याचे किती द्यायचे?" लोरीननं विचारलं.

"पाण्याचे? डोकं ठिकाणावर आहे का, पोरी?"

चार महिने ते दोघं तिचंच पाणी प्यायले. तिच्या हातचा मक्याचा पावही खाल्ला.

मतदान माझ्याच स्वयंपाकघरात झालं. कागदांसोबत नकाशा होता. त्यावर बोट ठेवून लोरीन म्हणाली, "हद्दीबाहेर हा चौकोन कसला रे?"

"कसला का असेना. आपल्याला कुठं इथं जन्म काढायचाय? मार फुली," क्लेटन म्हणाला.

दोन मतं पडली, दोन्ही मंडळाच्या बाजूनं. ज्या घरांची अजून एकही वीट रचली नव्हती, त्यांच्यावर कर बसला. व्हर्नाबाईला मत नव्हतं, कारण हद्द तिच्या कुंपणापाशी संपत होती. मंडळाचा हात मात्र हद्दीपाशी थांबत नव्हता.

उन्हाळ्यात तिला नोटीस आली. सांडपाण्याच्या तळ्यांसाठी तिचं घर, बोअर, सगळं हवं होतं. ती कागद घेऊन माझ्या पायरीशी आली.

"किती जणांनी मत दिलं गं?"

"दोघांनी," लोरीन म्हणाली.

"नकाशा बघितला होतास?"

"बघितला होता."

"मग?"

"पुढं विचारलं नाही, व्हर्नाबाई."

ती कागदाची घडी करून परत गेली. मला फार लाज वाटली. कोर्टात ती फक्त किमतीवर भांडू शकली. घर ठेवायचं की नाही, हे तिला कुणी विचारलंच नाही. ते पाडायला अर्धा दिवस पुरला. ती दूरच्या गावी भाचीकडे राहायला गेली, आणि तो हिवाळा संपायच्या आत वारली.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, रंग लावा. मला रंग नको. मनात शंका आली तर ती गिळू नका, तेवढं करा. जो मत देऊ शकत नाही, त्याचं काय होणार हे फुली मारण्याआधी विचारा. माझ्यात राहणाऱ्यांना सांगायला मला तोंड नाही, म्हणून हे तुमच्या कानावर घातलं. बिल्डरनं माझी भिंत थोपटली, 'कामाचं आहे हे' म्हणाला आणि मला दुसऱ्या माळावर ओढून नेलं. नवं जोडपं परवा राहायला आलं. मतदान शनिवारी आहे.