दोघींपैकी एकीचे दात

वामनरावांच्या दोन्ही मुलींचे दात पुढे होते, पण तार बसणार होती फक्त थोरलीला. याचा धाकट्या रिनाला एवढा संताप होता की महिनाभर ती सत्यशीलेशी धड बोललीच नव्हती. घुग्घुसच्या कॉलेजात अकरावीची पोरं रिनाला उघड उघड ‘फावडी’ म्हणत. तोंडावर ओढणी धरल्याशिवाय ती हसत नसे. पण तिच्या दातांचं घरात कुणाला काय पडलं होतं? राजुऱ्याचे पाहुणे सत्यशीलेला बघून गेले, मुलगी पसंत आहे, दात तेवढे सरळ करून घ्या म्हणाले, तेव्हा कुठे बापाला दात दिसले.

चंद्रपूरच्या दवाखान्यात सत्यशीला खुर्चीत बसली आणि तोंडच उघडेना.

“आ कर,” वामनराव म्हणाले.

“नाई करत. बाजारात गोऱ्ह्याचे पाह्यतेत तसे त्या पोरानं माहे दात पाह्यले. मले त्याच्यासंग लगनच नाई करायचं.”

“बापाची इज्जत घालवून राह्यली काय तू?”

सत्यशीला उठली आणि तरातरा बाहेर निघून गेली. डॉक्टरीणबाई हातमोजे काढायला लागल्या. गेली ब्याद, सोबत आलेल्या रिनाच्या मनात आलं. ती पटकन त्या खुर्चीत जाऊन बसली.

“बाबा, माह्या दाताले लावा तार. माहेबी पुढंच हायेत.”

वामनरावांनी तिला खालीवर न्याहाळलं. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “इले किती दिवस लागतीन?”

“दोन वर्षं धरा.”

“घ्या माप,” ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये रिना सत्यशीलेच्या शेजारी बसली होती आणि तिच्या आनंदाला पारावार नव्हता. बहिणीला खिजवायला ती मुद्दाम दात दाखवून हसली. सत्यशीला खिडकीबाहेर कोळशाचे ट्रक बघत होती. तेवढ्यात पुढच्या सीटवरून वामनराव मागे वळले.

“रिना, तुले सोळा पुरे झाले ना? दोन वर्सात अठराची होते. राजुऱ्यावाले थांबतीन तितके दिवस. मी बोलतो त्याइले.”

रिनानं तोंडावर ओढणी धरली. “मले नाई करायचं लगन. मले शिकायचं हाय.”

“मंग त्या खुर्चीत काऊन बसली?”

आता ताईनं बोलावं, बापाशी भांडावं म्हणून रिनानं सत्यशीलेचा हात धरला.

सत्यशीलेनं हात सोडवून घेतला. “माह्याकडे नोको पाहू,” ती म्हणाली.