देवा बोले, सुने लागे

“आणि हे प्रभू, या घरात न्हाणीघरातला दिवा रात्रभर चालू ठेवून झोपणारे जे कोणी आहेत, त्यांना जागं कर,” मास्टर म्हणाले, आणि शेजारी डोळे मिटून बसलेला त्यांचा मुलगा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

शनिवारची सकाळ होती. पुढच्या खोलीत, म्हणजे एरवी जिथे मास्टरांचं शिलाईचं दुकान चाले तिथे, मशीनवर चादर टाकून आणि कापडाचे गठ्ठे भिंतीला सारून प्रार्थनेची बैठक भरली होती. चर्चच्या मंडळीतले चार शेजारी होते, पाळकबाई होत्या, घरचे सगळे होते. मास्टर प्रार्थनेला लागले की लोक जरा सावरून बसत. त्यात आज कुणाचा नंबर लागेल याचा काही नेम नसे.

मास्टरांचा आवाज उभ्या आयुष्यात कधी चढला नाही. बायकोला, मुलाला, सुनेला ते कधी तोंडावर टाकून बोलले नाहीत, आणि याचा त्यांना मनातून चांगलाच अभिमान होता. जे काय सांगायचं ते ते देवाला सांगत. रात्री भाजी खारट झाली तर सकाळी ते देवाच्या कानावर जाई. रोज दुकान उघडण्याआधी घरच्यांना घेऊन बसायचं, प्युरिटन म्हणून जे जुन्या काळचे कडक धर्मोपदेशक होऊन गेले त्यांच्या उपदेशांचं जाडजूड पुस्तक उघडायचं, त्या तारखेचं पान वाचायचं आणि मग प्रार्थना, असा त्यांचा शिरस्ता. पुस्तक वडिलांचं होतं. पुठ्ठा सुटला तेव्हा मास्टरांनी स्वतः मेणदोऱ्याने शिवून काढलेलं. त्या जुन्या माणसांना माणसाच्या मनाचा कानाकोपरा ठाऊक होता. पाप कुठल्या अस्तराखाली दडून बसतं ते ते बरोबर उसवून दाखवत. मास्टर रस घेऊन वाचत, आणि एखादं वाक्य वर्मी लागण्यासारखं आलं की थांबून, ज्याला ते लागायला हवं त्याच्याकडे चष्म्यावरून बघत.

त्या शनिवारी मुलाचा दिवा झाला, बायकोचा बहिणीशी अबोला झाला, आणि मग मास्टरांनी जोडलेले हात कपाळाला लावले. “आणि प्रभू,” ते म्हणाले, “या छताखाली एक लेकरू तुझ्यावर रागावलंय. त्याची कूस रिकामी राहिली म्हणून ते तुझ्यापुढे डोळे मिटायलासुद्धा तयार नाही. त्याचं मन वळव, बापा.”

पाळकबाई हळूच “हो प्रभू” म्हणाल्या. आमेन झालं. मास्टरांनी डोळे उघडले तर सगळे खाली सतरंजीकडे बघत होते. सुनेकडे कुणीच बघत नव्हतं, आणि म्हणूनच सगळ्यांना कळलंय हे दिसत होतं. ती उठली, चहा आणते म्हणाली, आणि तिने खरंच चहा आणला. सगळ्यांना दिला. मास्टरांनाही दिला. कपाचा बशीवर आवाजसुद्धा झाला नाही.

आता ही गोष्ट मास्टरांना कशी कळली, ते सांगायला हवं. सून लग्न होऊन आली ती हातात सुई घेऊनच आली म्हणा ना. दुपारी घरातलं आटोपलं की ती दुकानात सासऱ्याशेजारी बसून काजं-बटणं करी. मास्टरांची नजर अधू झालेली, म्हणून सुयांत दोरे ओवून एकेक त्यांच्या हातात देई. दोघं फार बोलत नसत, पण दोघांनाही ती वेळ आवडे. गुरुवारी ती अस्तराचा तुकडा शोधायला खालचा खण उपसत होती, तेव्हा तळाशी तिला एक झबलं सापडलं. बेतलेलं, टाचण्या टोचलेलं, पण न शिवलेलं. मागच्या वर्षी तिला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात मास्टरांनी ते मऊ सुती कापडाचं बेतलं होतं. पुढे बाळ पोटातच गेलं. झबलं खणात गेलं.

तिने ते मांडीवर घेतलं. टाचण्यांवरून बोट फिरवत बराच वेळ बसली आणि मग मान वर न करता म्हणाली, “बाबा, एक सांगू? माझ्याच्याने प्रार्थना होत नाही. डोळे मिटले की नुसता राग येतो. देवाचा. यांनाही नाही सांगितलं मी. तुम्ही कुणाला सांगू नका.”

मास्टरांचा पाय मशीनवर थांबला. “नाही सांगणार, पोरी,” ते म्हणाले.

आणि त्यांच्या हिशेबाने त्यांनी सांगितलं नव्हतंच. देवाला सांगणं म्हणजे का सांगणं?

पाहुणे गेल्यावर ते हेच बायकोला म्हणाले. ती ओट्याशी उभी राहून कपबश्या विसळत होती. तिने हातातली बशी पालथी घातली. मग हात पुसून वळली.

“लेकी बोले सुने लागे ऐकलं होतं,” ती म्हणाली. “तुमचं आपलं देवा बोले, सुने लागे.”

“अगं, मी तिच्यासाठी प्रार्थनाच केली ना?”

“माझ्यासाठीही करत आलात. माझं माझ्या बहिणीशी पटत नाही, हे सगळ्या मंडळीला कुणी सांगितलं? मी तर नाही सांगितलं. इतकी वर्षं मी माझे दोष डोळे मिटून ऐकत आले. उलट उत्तर तरी कसं द्यायचं? तुम्ही माझ्याशी कुठे बोलत होतात?”

मास्टर मशीनवर येऊन बसले. एका पँटची टीप घालायला घेतली ती वाकडी गेली. उसवली, पुन्हा घातली, पुन्हा वाकडी. बायकांचं काय, राईचा पर्वत करतात, असं त्यांनी मनाशी म्हणून पाहिलं. पण ते म्हणतानाच त्यांना सतरंजीकडे बघणारी ती सगळी डोकी दिसली, आणि कानांमागून गरम गरम काहीतरी चढत गेलं. लाज वाटते म्हणजे काय होतं ते मास्टर विसरले होते. बरीच वर्षं त्यांनी ती दुसऱ्यांना वाटूनच दिली होती.

सून काही माहेरी निघून गेली नाही, की रडली-भेकली नाही. तसं झालं असतं तर बरं, असं मास्टरांना पुढच्या दिवसांत कितीदा वाटलं. ती दुपारी दुकानात येई, बटणं लावी. सुयाही ओवी, पण मास्टर यायच्या आधीच ओवून सुयांच्या गादीत टोचून ठेवी, म्हणजे हातात द्यायला नको. “चहा ठेवलाय” आणि “कापडवाला येऊन गेला” यापलीकडे शब्द नाही. त्यात पाळकबाई दोनदा येऊन तिला देवाची इच्छा समजावून गेल्या. शेजारीणबाई तिचा हात हातात घेऊन उगाच दाबत बसल्या. नवऱ्याने विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती प्रत्येकाला हो हो म्हणत राहिली, आणि मास्टर दाराआडून हे सगळं ऐकत राहिले. झाकली मूठ होती पोरीची. विश्वासाने त्यांच्या हातात दिली, आणि त्यांनी ती चव्हाट्यावर उघडली.

बुधवारी सकाळी पुस्तकाचं जे पान आलं, ते मास्टरांच्या ओळखीचं होतं. दरवर्षी ते पान वाचताना त्यांना दुसऱ्यांच्या चुका काढत फिरणाऱ्या आपल्या मेव्हण्याची आठवण होई, आणि तो हजर असता तर बरं झालं असतं असं वाटे. या वेळी वाचता वाचता ते मध्येच अडले. जुना उपदेशक म्हणत होता, की दुसऱ्याची जखम देवाला दाखवताना आपलं बोट त्या जखमेत किती रुतलंय, हे दाखवणाऱ्याला कळत नाही; म्हणून आधी आपलं बोट बघ. मास्टरांनी चष्म्यावरून कुणाकडेच बघितलं नाही. कुसळ आणि मुसळ त्यांना बायबलातलंही ठाऊक होतं आणि म्हणीतलंही. फक्त ते आजवर कधी स्वतःच्या डोळ्याला लावून पाहिलं नव्हतं.

वाचन संपलं. त्यांनी डोळे मिटले, आणि बिचाऱ्यांनी जे एकच जमत होतं तेच केलं. “हे प्रभू,” ते म्हणाले, “मी माझ्या सुनेचं मन दुखावलं. तिने विश्वासाने सांगितलेलं मी...”

“बाबा.”

मास्टर थांबले. सुनेचे डोळे उघडे होते.

“हे त्याला सांगताय,” तिने विचारलं, “की मला?”

मुलगा “अगं” म्हणाला. त्याची आई म्हणाली, बोलू दे तिला. पण तिला आणखी काही बोलायचं नव्हतं. ती उत्तराची वाट बघत होती. मास्टरांचं तोंड उघडं राहिलं. रोज सकाळी ज्या तोंडातून शब्द नळाच्या पाण्यासारखे येत, त्यातून आता थेंब येईना. शेवटी ती उठून आत गेली, आणि त्या दिवशी प्रार्थनेला आमेन झालंच नाही.

दुपारी ती बटणांचा डबा घेऊन बसली. मास्टर काही वेळ नुसतेच कात्रीशी खेळत राहिले. मग वाकून त्यांनी खालचा खण ओढला, झबलं काढलं आणि दोघांच्या मध्ये फळीवर ठेवलं.

“हे मी तळाशी घातलं,” ते म्हणाले, “ते परत नजरेला पडू नये म्हणून. मलाही राग आला होता.”

“कुणाचा?”

“त्याचाच.” मास्टरांना घाम फुटला होता. तिच्या तोंडाकडे बघून बोलायचं म्हणजे काय जड काम आहे, हे त्यांना आता कळत होतं. “रोज पुस्तक उघडत होतो, रोज प्रार्थना करत होतो, सगळ्यांची पापं सांगत होतो. ही एक गोष्ट मात्र त्याला कधी बोललो नाही. धीरच झाला नाही. मग तू बोललीस, आणि मी तुझं नाव पुढे केलं. चुकलं माझं. हे त्याला नाही, तुला सांगतोय.”

तिने दोरा दाताने तोडला. “सगळ्यांसमोर सांगितलंत, बाबा.”

“हो.”

“आता सगळे माझ्याकडे आजारी असल्यासारखं बघतात.”

“हो.”

पुढे ‘पण’, ‘परंतु’ असं काहीही लावायला मास्टरांकडे नव्हतं. तिने दुसरं बटण घेतलं. झबलं फळीवर तसंच राहिलं. तिने ते ढकललंही नाही आणि उचललंही नाही.

शनिवार आला. बैठक टाळावी असं मास्टरांच्या मनात चारदा येऊन गेलं. पण सतरंजी अंथरली गेली, मशीनवर चादर पडली, आणि तेच शेजारी आणि त्याच पाळकबाई त्याच जागा धरून बसले. मास्टरांनी पान वाचलं. लोकांनी सवयीने डोळे मिटले.

“जरा थांबा,” मास्टर म्हणाले. “डोळे उघडा.”

लोकांनी एकमेकांकडे बघत डोळे उघडले. मास्टर उभे राहिले, का ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच लोंबत होती.

“मागच्या शनिवारी मी म्हणालो, या घरात देवावर रागावलेलं कुणीतरी आहे. ते मी स्वतःबद्दल सांगायला हवं होतं. तो राग माझा आहे, वर्षभरापासूनचा. त्याबद्दल कुणाला काही समजवायचं असेल, तर मला समजवा.”

पाळकबाईंनी पदर सारखा केला. मास्टर खाली बसले आणि त्यांनी डोळे मिटले. आता प्रार्थना करायची होती. हे प्रभू, इतकं मनात आलं आणि पुढे काहीच येईना. मुलाचा दिवा आठवला, तो त्यांनी गिळला. मेव्हणा आठवला, त्यालाही जाऊ दिलं. दुसऱ्याचं काही घ्यायचं नाही म्हटल्यावर बोलायला उरला तो राग, आणि त्याला शब्द कुठून आणायचे? आत दूध उतू गेल्याचा वास आला. बायको उठली नाही. कुणीतरी खाकरलं. सगळी खोली मास्टरांच्या तोंडाकडे कान लावून बसली होती, आणि मास्टर मान खाली घालून, हात मांडीवर उताणे टाकून, एखाद्या नापास झालेल्या पोरासारखे बसून होते.

“आमेन,” सून म्हणाली.

तिचा आवाज स्पष्ट होता. बाकीचेही गडबडीने आमेन म्हणाले आणि हलले. मास्टरांना डोळे उघडायला वेळ लागला. उघडले तेव्हा ती मशीनवरची चादर काढून तिची घडी घालत होती. घडी घालून झाल्यावर तिने गादीतली एक सुई काढली, उजेडाकडे धरून तिच्यात दोरा ओवला, आणि ती त्यांच्या हातात दिली.