पहिल्या जर्सीचा रंग

“मास्तर, ते खोडा,” नेबाहतमावशी म्हणाली.

नाझमी मास्तर चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी फक्त पहिलं वाक्य वाचलं होतं. सारीताशच्या मातीत शेकडो वर्षं पिकणाऱ्या काळ्या तुतीवरून आमच्या संस्थापकांनी क्लबला जांभळा रंग दिला, असं ते वाक्य होतं. फुटबॉल क्लबच्या साठ वर्षांच्या इतिहासाची सुरुवातच त्याने होणार होती आणि मास्तरांनी त्या वाक्यावर अर्धा हिवाळा खर्च केला होता.

मी शेजारी बसून चहा पीत होतो. सारीताशमध्ये छापखाना एकच आणि तो माझा. लग्नपत्रिका, सुंतेची आमंत्रणं, निवडणुकीची पत्रकं, खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे, सगळं माझ्याकडे छापलं जातं, तसं हे पुस्तकही माझ्याकडे आलं होतं. मावशीकडे आम्ही जेलालकाकांचे जुने फोटो मागायला गेलो होतो. जेलालकाका म्हणजे तिचा नवरा. आधी संघाचा डावा बचावपटू, मग गुडघा गेल्यावर पस्तीस वर्षं संघाचं सामान सांभाळणारा माणूस. तो बूट, चेंडू आणि जाळ्या बघायचा आणि मावशी जर्सी धुवायची. सहा वर्षांपूर्वी काका गेला. मावशी अठ्ठ्याहत्तरची आहे आणि अजून जर्सी धुते.

“काय खोडू?” मास्तरांनी विचारलं.

“तुती. तुतीबिती काही नव्हतं. गावात मुळात तीन झाडं होती. एक मशिदीच्या अंगणात, एक पोलीस ठाण्यामागे आणि एक आमच्या गल्लीत. आणि आमच्या गल्लीतलं पांढऱ्या तुतीचं होतं.”

मास्तर इतिहासाचे मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी आमच्या डोक्यात सनावळ्या कोंबल्या. त्यांना कुणी सन विचारला की आनंद होतो आणि कुणी खोडायला सांगितलं की पोटात दुखतं. पण मावशीने त्यांच्यापुढे पांढऱ्या चीजची बशी सरकवली आणि सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनाही ऐकणं भाग पडलं.

साठ वर्षांपूर्वी सारीताशमध्ये दोन संघ होते. वरच्या आळीचा लाल आणि खालच्या आळीचा निळा. दोन्ही आळ्यांमधून एक ओढा वाहतो, पण तेव्हा तो समुद्राएवढा रुंद होता असं म्हातारे सांगतात. लालवाले निळ्यांच्या बेकरीतली भाकरी खात नसत आणि निळे लालवाल्यांच्या न्हाव्याकडे मान देत नसत. अशात अंकाराहून निरोप आला की मोठ्या लीगमध्ये यायचं असेल तर एका गावाचा एकच संघ हवा. मग सिनेमागृहात बैठक बसली. नाव ठरलं, अध्यक्ष ठरले, मैदान ठरलं. रंगावर गाडी अडली ती अकरा दिवस हलेना. गावाच्या नावातच पिवळा दगड आहे, तेव्हा पिवळा घ्या, असं कुणीतरी सुचवलं. त्या बिचाऱ्याला दोन्ही आळ्यांनी मिळून बाहेर काढलं. त्या अकरा दिवसांत दोन्ही आळ्यांनी एकत्र केलेलं तेवढं एकच काम.

शेवटी तडजोड निघाली. शेजारच्या गावाशी रविवारी पहिला सामना होता. पूर्वार्ध लाल जर्सीत खेळायचा आणि उत्तरार्ध निळ्या जर्सीत. दोन्ही गाठोडी धुण्यासाठी मावशीच्या आईकडे आली, कारण गावातल्या हॉटेलचं धुणंही तिच्याकडेच असे. शनिवारी आई एका लग्नाला गेली होती. घरात अठरा वर्षांची नेबाहत, अंगणात तांब्याचा मोठा हंडा आणि खाली जाळ.

“मी दोन्ही गाठोडी एकाच हंड्यात उकळली,” मावशी म्हणाली. “चुकून.”

लाल काय आणि निळं काय, सुती कापड तेव्हा असा रंग सोडायचं की विचारू नका. दुपारी दोरीवर बावीस जर्सी वाळत होत्या आणि बावीसच्या बावीस जांभळ्या होत्या. काहींची झाक लालकडे, काहींची निळ्याकडे. आईने लग्नाहून येऊन तिला दोन थोबाडीत दिल्या आणि तिसरी वाया जाऊ नये म्हणून शेजारी हसत उभ्या असलेल्या तिच्या भावाला, साबरीला दिली. दुसऱ्या जर्सी आणायला वेळ नव्हता. अध्यक्ष फाहरेत्तिन बे दातांचे डॉक्टर होते. दुखणाऱ्या माणसाला बोलण्यात गुंतवून दात उपटायचा त्यांना सराव होता. त्यांनी नगरपालिकेचा भोंगा हातात घेतला आणि मैदानात जाहीर केलं की हा आपल्या तुतीचा रंग आहे. लोक एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात सामना सुरू झाला आणि आम्ही तीन-एकने जिंकलो. जिंकलेल्या जर्सीला कोण नावं ठेवणार?

पुढचं मास्तरांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. परगावचे लोक सामन्याला आले की ओरडायचे, दाखवा तुमच्या तुती. हे ऐकून ऐकून नगरपालिकेने रस्त्याच्या कडेने दोनशे रोपं लावली. मग लोकांनी परसात लावली. मग सरबत आलं, मग जूनमधली तुतीची जत्रा आली, मग आताच्या अध्यक्षांच्या वडिलांनी सरबताचा कारखाना काढला. आज अर्धं गाव तुतीवर जेवतं. क्लब मात्र एकदा दुसऱ्या लीगमध्ये चौथा आला, एका वादळात स्टँडचं छप्पर उडून तुरुंगाच्या अंगणात पडलं, आणि नंतर आम्ही हळूहळू घसरत हौशी लीगमध्ये आलो. रंग तेवढा टिकला.

“तेव्हा मास्तर, तुती खोडा आणि माझं नाव घाला,” मावशी म्हणाली. “पुस्तकात एकवीस संस्थापक आहेत ना? एकवीसही पुरुष. त्यातल्या निम्म्यांनी अकरा दिवस नुसती भांडणं केली. मला माझं नाव हवंय. मेल्यावर नको, आत्ता हवंय.”

तिने ते इतकं सरळ मागितलं की मला ओशाळल्यासारखं झालं. साठ वर्षं ती आमच्या जर्सी धुते आहे आणि तिला काय हवंय हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नव्हतं.

मास्तर सच्चे माणूस. त्यांनी विषय गुरुवारी कार्यकारिणीत मांडला. क्लबच्या चहाखान्यात बैठक होती. मावशीला मानाने बोलावलं होतं आणि ती ठेवणीतला डोक्याचा रुमाल बांधून आली होती. आताचे अध्यक्ष तुर्गुत बे कारखान्याचे मालक. त्यांनी उठून तिचा हात चुंबून कपाळाला लावला, खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. बाकीचे आधीपासूनच हसत होते. एकजण म्हणाला की त्याच्या पणजोबांच्या मळ्यात तुती होत्या. त्याचे पणजोबा खाटीक होते हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, पण त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे मळा अगदी स्पष्ट उभा होता.

तुर्गुत बे हसले नाहीत. ते मवाळ आवाजात म्हणाले, “मावशी, तुम्हीच म्हणता की चुकून झालं. मग एका चुकीसाठी कुणाचं नाव पुस्तकात कशाला घालायचं? आणि आमच्या बाटलीवर लिहिलंय की शेकडो वर्षांची परंपरा. ती काय मी हंड्यातून काढली असं सांगू?”

सगळे पुन्हा हसले. मावशीही थोडी हसली आणि उठली. दारापर्यंत सोडायला मी गेलो. तिथे तिने रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली. मला तुर्गुत बेंचा राग आला आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा आला, कारण बैठकीत मीही तोंड उघडलं नव्हतं. पुस्तकाचं काम कारखान्याकडून आलेलं, काय बोलणार.

मास्तरांनी पहिलं वाक्य तसंच ठेवलं. पण तेव्हापासून ते छापखान्यात आले की त्या पानाकडे बघायचं टाळत.

ऑगस्टच्या शेवटी साठाव्या वर्षासाठी जुन्या पद्धतीच्या सुती जर्सी शिवून आल्या, जांभळ्या अंगाच्या आणि पांढऱ्या कॉलरच्या. आकडे छापायच्या आधी त्या एकदा धुवायला हव्यात, नाहीतर रंग पुढे कॉलरवर उतरतो. मी गठ्ठा घेऊन मावशीकडे गेलो. मला वाटलं होतं ती दार लावून घेईल. तिने गठ्ठा घेतला, एक जर्सी उजेडात धरली आणि कापडाला नावं ठेवली. मग अंगणात टप भरायला लावला. हंडा आता राहिलेला नाही. पाणी भरल्यावर तिने व्हिनेगरची बाटली ओतली आणि स्वयंपाकघरातून मिठाचा डबा आणला. दोन्ही मुठी भरून तिने मीठ पाण्यात सोडलं.

“हे घातलं की रंग सुटत नाही,” ती म्हणाली. “धुणं करणाऱ्या बाईची पोर हे सहाव्या वर्षी शिकते.”

मी मान डोलावली. ती टपात हात घालून जर्सी दाबत होती.

“इरफान, त्या दिवशीही घरात मीठ होतं. डबा भरून होतं.”

मला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा मी विहिरीच्या कठड्यावर बसलोच.

मग तिने उरलेलं सांगितलं. तिचं लग्न जेलालशी ठरलं होतं, अंगठी आली होती. जेलाल खालच्या आळीचा. वसंतातल्या सामन्यात त्याने साबरीवर गोल मारला. बचावपटू असून मारला, तेही साबरीच्या दोन पायांमधून. साबरी म्हणजे तिचा भाऊ, वरच्या आळीचा गोलरक्षक. त्याच संध्याकाळी अंगठी परत गेली. तिच्या वडिलांनी सांगितलं की निळी जर्सी घातलेला जावई माझ्या दारात नको. तिकडे जेलालच्या वडिलांनी शपथ घेतली की लाल घरातली सून आणणार नाही. दोघंही शब्दाचे पक्के.

“मग मी म्हटलं, त्यांचा शब्द राहू दे. जर्सीच बदलू,” मावशी म्हणाली. “सामना झाला, जिंकले, आठवड्याने जेलालची आई बाकलावा मिठाईचा डबा घेऊन पुन्हा मागणी घालायला आली. बाबा काय बोलणार? पोरगा निळा घालतच नव्हता.”

“आणि काकाला माहीत होतं?”

“छे. तो जन्मभर म्हणायचा, आपलं लग्न नशिबाने झालं. म्हणू दे म्हटलं. पुरुषाला नशीबवान वाटलं की तो घरात शहाण्यासारखा वागतो.” ती हसली, मग थांबली. “सांगायला हवं होतं मात्र. खूप हसला असता. आता वाटतं, एकदा तरी सांगायला हवं होतं.”

तिने हाताच्या उलट्या बाजूने डोळे पुसले आणि व्हिनेगर झोंबतंय म्हणाली. मी म्हणालो, मावशी, मी छापतो सगळं, तुर्गुत बे गेले उडत. ती म्हणाली, तसं काही करायचं नाही. तुतीवर लोकांची चूल पेटते आणि खोटं बोलणारा डॉक्टर चांगला माणूस होता.

“चूक लिहू नकोस, मुद्दाम लिहू नकोस. नाव तेवढं लिही. कुठेही लिही.”

छापणाऱ्याच्या हातात पुस्तकाचं एकच पान खरं स्वतःचं असतं. शेवटचं, जिथे छापखान्याचं नाव आणि पत्ता येतो. ते पान अध्यक्ष वाचत नाहीत, कार्यकारिणी वाचत नाही, मुद्रितं तपासणारे मास्तरही वाचत नाहीत. त्या वेळी मात्र मास्तरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले की इथे एक स्वल्पविराम राहिलाय. तो घालून ते निघून गेले.

हंगामाचा पहिला सामना सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी झाला. ऊन छान होतं. मैदानात येणाऱ्या प्रत्येकाला पुस्तक मिळत होतं आणि लोक त्याने वारा घेत होते. भोंग्यावर तुर्गुत बेंनी पहिलं वाक्य वाचून दाखवलं, तुतीला टाळ्या पडल्या. मावशी साबरीशेजारी बसली होती. साबरी आता ब्याऐंशी वर्षांचा आहे. या वर्षीच्या जांभळ्यात निळा जास्त पडलाय अशी त्याची तक्रार चालू होती. ओढ्यापलीकडचे लोक त्याच जर्सीकडे बघून लाल जास्त पडलाय म्हणत होते.

मी तिला पुस्तक दिलं आणि शेवटचं पान उघडून दिलं. छापखाना, पत्ता, वर्ष, आणि त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ: पहिल्या जर्सीचा रंग, नेबाहत यालचिन, वरची आळी.

तिने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, मग पुन्हा जवळ नेलं.

“अक्षर बारीक आहे,” ती म्हणाली.

“मोठं केलं असतं तर त्यांनी वाचलं असतं.”

“यालचिन लिहिलंस. ते जेलालचं आडनाव. मग वरची आळी कशाला?”

“दोन्ही हवं ना, मावशी.”

 तिने पुस्तक मांडीवर उघडं ठेवलं आणि त्या ओळीखाली अंगठा ठेवला. सामना सुरू झाला. विसाव्या मिनिटाला आमच्या पोराने गोल मारला. सगळं स्टँड उठलं, साबरी काठी टाकून उठला, तुर्गुत बे त्यांच्या खुर्चीवर चढले. मावशी बसून राहिली. पान उलटू नये म्हणून तिने अंगठा जरासा घट्ट केला, एवढंच.