गाठीभोवतालच्या पेशी

डॉ. जहांगीर मूळचे साखरखेर्ड्याचे. १९६८ साली ते नागपूरच्या एका रुग्णालयात गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. बाकीचे कर्करोगाच्या पेशी पाहत. जहांगीर गाठीभोवतालच्या, तिला आधार देणाऱ्या पेशीही पाहत. त्यांचं जाळं दाट असलं, की किरणांचा शेक देऊनही गाठ परत येते, असा त्यांना संशय होता. पण शेक संपला की रोगी गावी जात. पुढं त्यांचं काय झालं, कुणालाच कळत नसे. म्हणून ते रजा काढून एसटीनं गावोगाव फिरू लागले.

उंद्रीला मंजुळाबाई वांगी तोडत होत्या. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या गालातली गाठ शेकानं विरघळली होती.

"मी बरी आहो. भाकर खाऊन राह्यली. तुम्ही काऊन आले एवढ्या लांब?"

"मावशी, एकडाव गाल पाहू द्या."

आत बोटाला ज्वारीच्या दाण्याएवढी कठीण जागा लागली.

"नागपूरले चला. आता शेक नाही, कापून काढा लागते."

"गाठ त मेली म्हने."

"मेली. पन तिच्या भोवतालच्या पेशींनं उरल्यासुरल्याले आसरा देला, असं मले वाटते. खात्री नाही. पन खात्रीसाठी थांबलो त उशीर होईन."

खात्री नाही म्हणणारा डॉक्टर मंजुळाबाईंनी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी पाटी सुनेकडे दिली आणि त्या निघाल्या.

शस्त्रक्रियेत अर्धा गाल गेला. काढलेल्या भागात, त्या दाट जाळ्याच्या आत, रोग जिवंत सापडला.

पुढच्या वर्षी जहांगीर शेक घेतलेल्या रोग्यांची यादी घेऊन पुन्हा उंद्रीला आले. परक्या पुरुषाला बाया तोंड दाखवत नाहीत, हे ऐकून मंजुळाबाई आपणहून सोबत निघाल्या. सुलतानपूरला यादीतली अमीरबी दाराआडून बाहेर येईना. मंजुळाबाईंनी पदर बाजूला करून आपला गाल दाखवला.

"पाह्य बाई, वाकडी झाली, पन जित्ती आहो."

अमीरबीनं तोंड उघडलं. गाल मऊ होता. नागपूरला तपासलेल्या तिच्या गाठीच्या तुकड्यात जाळं विरळ होतं. जहांगीरांनी तेही तितक्याच काळजीनं लिहून घेतलं.

एसटीत मंजुळाबाईंनी विचारलं, "हे कोनाच्या कामी पडन?"

"माहीत नाही, मावशी. यादीतल्या एकोणीस रोग्यांमधले अकराच सापडले. एवढ्यावर काही सिद्ध होत नाही."

मंजुळाबाईंनी यादीकडे पाहिलं. "मंग राह्यलेले आठ कोन्या गावचे, ते वाचा."