मागे वळायचं नाही

दोन माणसांच्या अरुंद होडीचं गणित सोपं असतं. पुढे बसतो तो जोर लावतो आणि वल्ह्याची लय ठरवतो. मागे बसतो तो होडीला दिशा देतो. मागच्याला पुढच्याची पाठ दिसते, पुढच्याला नुसतं पाणी दिसतं. पुढच्याने एकच गोष्ट कधी करायची नाही, ती म्हणजे मागे वळणं. वळलं की खांदा फिरतो, खांद्याबरोबर कंबर फिरते आणि कंबरेबरोबर होडी.

बंब तरुणपणापासून पुढे बसत आला होता. आता त्याची साठी जवळ आली होती. अंगाने आडवा, आवाजाने मोठा, म्हणून शाळेतच त्याचं नाव बंब पडलं. त्याचा लोखंडी दारं आणि खिडक्यांचे गज बनवायचा कारखाना होता. मागे बसायचा तो दोरा. उंच, किडकिडीत, आणि शिवणकाम करणारा, त्यामुळे दुसरं नाव शोधायची कुणाला गरजच पडली नाही. दोघांनी मिळून किती नद्या पालथ्या घातल्या होत्या! खडकांवर आपटले होते, एकदा जंगलात वाट चुकून कच्चे बटाटे खाल्ले होते. बंबाचा हात मोडला तेव्हा दोऱ्याने तंबूच्या कापडाची झोळी शिवून तो गळ्यात अडकवला आणि वर म्हणाला, "शिलाई नंतर दे."

आता दोरा गाव सोडून चालला होता. त्याची मुलगी लांबच्या शहरात राहायची. बायको गेल्यापासून तो एकटा होता, म्हणून मुलीने त्याला कायमचं बोलावून घेतलं होतं. पुढच्या आठवड्यात निघायचं होतं. त्याआधी एकदा नदीवर जाऊ, असं ठरलं.

आदल्या संध्याकाळी बंब दोऱ्याच्या दुकानात गेला. मशीन आधीच कुणाला तरी देऊन झालं होतं. जिथे ते असायचं तिथे फरशीवर तेलाचा काळपट डाग होता, आणि कोपऱ्यात चिंध्यांचं गाठोडं. दोरा रिकाम्या कपाटावरून फडकं फिरवत होता.

"गळ्यातली टेप तरी काढ आता," बंब म्हणाला.

"राहू दे रे. काढली की उघडं उघडं वाटतं."

बंबाला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. तो म्हणाला, "सकाळी लवकर ये. नेहमीसारखं ताटकळत ठेवू नकोस."

घरी बायकोने त्याचा चेहरा बघूनच ओळखलं. "नाही ना सांगितलंत भाऊजींना?"

"काय सांगायचं? त्याची मुलगी आहे, नात आहे. मी कोण मध्ये बोलणार?"

"मध्ये नका बोलू. तुम्हाला काय वाटतं ते तर सांगा. खडकांवर होडी घालताना छाती पुढे काढता, आणि दोन शब्द बोलायचे म्हटलं की घाम फुटतो."

"पुरुषांमध्ये असलं बोलत नाहीत."

"मग बसा गप्प, दोघे पुरुष," ती म्हणाली आणि दिवा मालवून कूस बदलून झोपली.

सकाळी बंबाच्या मुलाने टेम्पोतून होडी आणि दोघांना नदीच्या वरच्या अंगाला सोडलं. तो खाली पुलाजवळ थांबणार होता. पाणी थंड होतं आणि बेताच्या वेगात होतं. पहिलं वळण मागे पडलं. मग दोऱ्याने नेहमीची कुरबुर सुरू केली.

"डावीकडे जोर कमी पडतोय तुझा."

"तू नीट वळव. मी ओढतोय बरोबर."

"ओढतोयस की पाण्याला गोंजारतोयस?"

बंब हसला. ही कुरबुर आता पाठीमागून ऐकू येणार नाही, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

दोऱ्याची बायको गेली त्यानंतरची गोष्ट त्याला आठवली. तेव्हाही दोघं असेच या नदीवर आले होते. मध्येच मागच्या वल्ह्याचा आवाज थांबला आणि दोरा रडतोय हे बंबाला ऐकू आलं. तो वळला नाही. होडी सरळ राहावी म्हणून आलटून पालटून दोन्ही बाजूंनी वल्हवत राहिला, दुपार होईपर्यंत. किनाऱ्यावर उतरल्यावर दोऱ्याने डोळे पुसत विचारलं होतं, "भूक लागली का रे?" त्या दिवसाबद्दल पुढे कधी कुणी बोललं नाही.

आता समोर खडकांचा उतार दिसू लागला. पाणी पांढरं होऊन खळाळत होतं. दोघांनी वल्ही घट्ट धरली. "उजवीकडे!" दोरा ओरडला. बंबाने जोर लावला. होडी एका खडकाला घासून दुसऱ्याच्या कडेने सुटली, उडी मारून खाली आली, आणि एकदम शांत पाण्यात शिरली.

"वा रे बंबा!" मागून आवाज आला. "अजून दम आहे म्हातार्‍यात."

छातीत धडधड होत होती. ती ओसरायच्या आत बोलायला हवं, असं बंबाला वाटलं.

"दोऱ्या, जाऊ नकोस."

मागून काहीच आवाज आला नाही. वल्ह्याचाही नाही. ऐकलं असेल का? हसत असेल का? रागावला असेल का? बंबाला त्याचा चेहरा बघायचा होता. तो वळला.

होडी क्षणात पालथी झाली.

पाणी कमरेएवढंच होतं. दोघं खोकत, ठेचकाळत, होडी ओढत काठावर आले. दोऱ्याच्या गळ्यात टेप चिकटून बसली होती.

"गाढवा!" दोरा दात वाजवत ओरडला. "इतकी वर्षं होडीत बसतोयस आणि वळतोस?"

"तू उत्तर देत नव्हतास."

"सुचायला नको का? तू तरी असं कधी बोलला आहेस?"

बंब वाळूत बसला. दोराही शेजारी टेकला आणि सदरा पिळू लागला.

"मुलीने विचारलं ना, तेव्हापासून वाट बघत होतो," दोरा म्हणाला. "वाटायचं, तू म्हणशील. दुकान आवरत होतो, तू मदतीला यायचास, खोकी बांधायचास. इतकी घट्ट बांधायचास की वाटलं, याला घाई झालीय."

"मला वाटलं, तुला जायचंय."

"नातीने खोलीच्या भिंतीवर माझं चित्र काढलंय. काठीसारखा लांब. आता नाही म्हटलं तर तिला काय सांगू?" त्याने पाण्याकडे बघितलं. "आधी बोलला असतास तर थांबलो असतो, बंबा. खरंच थांबलो असतो."

बंबाने दोऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. नेहमी तो तिथे थाप मारायचा. या वेळी हात तसाच राहिला.

पुलाजवळ मुलगा टेम्पोला टेकून उभा होता. दोघांना निथळताना बघून त्याला हसू आवरेना. "बाबा! काय झालं?"

"मी मागे वळलो," दोरा घाईने म्हणाला.

"काका, तुमच्या मागे कोण होतं?"

"नदी होती की! चल, होडी चढव."

होडी बांधून झाली. पुढे मुलाशेजारी जागा होती, पण दोघंही मागे होडीजवळ, एकमेकांसमोर गुडघे दुमडून बसले. टेम्पो सुरू झाला. ओल्या कपड्यांना वारा झोंबत होता. दोऱ्याच्या भुवया कधी पांढऱ्या झाल्या, हे बंबाला माहीत नव्हतं. हनुवटीखाली एक जुना व्रण होता, तोही त्याने आज पहिल्यांदा नीट पाहिला.

गावाचा फाटा आला तेव्हा बंबाने पुढच्या काचेवर टकटक केली.

"धरणाकडच्या रस्त्याने ने."

"तो केवढा लांब पडेल! गारठाल दोघंही!"

बंबाने समोर बघितलं. दोरा थरथरत होता, पण त्याने मान हलवली.

"ने म्हटलं ना," बंब म्हणाला.