शिंगवाल्या सापाचा परवाना

साकिबचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला, त्या दिवशी सुमेध पगारे हॉस्पिटलच्या जिन्यात तासभर बसून होता. साकिब आखातातल्या त्याच्याच साइटवरचा रिगर, म्हणजे अवजड सामान दोरखंडांनी उचलणारा कामगार. पाइप उचलताना वाळूत दडलेला शिंगवाला साप त्याला चावला. सोबतच्यांनी पायाला नायलॉनची दोरी करकचून आवळली, ब्लेडनं चीर दिली आणि मग गाडी काढली. विषापेक्षा दोरीनंच जास्त घात केला, असं डॉक्टर म्हणाले.

सुमेध तिथला सेफ्टी ऑफिसर होता, आणि नाशिकला असताना घराघरांतून नाग-घोणस पकडून रानात सोडणारा सर्पमित्र. वाळूवर नुसते डोळे आणि दोन शिंगं ठेवून बसलेला जिवंत साप माणसानं काचेतून एकदा पाहिला, की तो आयुष्यभर बघून पाय टाकतो, हे त्याला माहीत होतं. असे दोन साप साइटवर ठेवायचे, त्यांच्यासमोर माणसांकडून साप चावल्यावर काय करायचं याचा सराव करून घ्यायचा, असं त्याच्या मनात होतं. पण त्याला परवाना लागणार होता आणि परवान्याआधी प्रशिक्षण.

वफ्राच्या एका फार्मवर अबू नासर नावाचे म्हातारे गृहस्थ परवाना काढून साप बाळगत होते. चौदा महिने सुमेध दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, फिंतासच्या घरून तिकडे जात राहिला. पहिले दोन महिने त्यांनी त्याला सापाला हात लावू दिला नाही. पेट्या धुवायला लावल्या, कुलपं तपासायला लावली.

"तिकडे तू साप सोडून द्यायचास," ते मोडक्या हिंदीत म्हणाले. "इथे तो रोज तुझ्याजवळ राहणार. एक दिवस विसरलास, की संपलं."

मग सापाला आकडीनं उचलणं, त्याचं डोकं नळीत घेणं. शेवटी त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली, तेव्हा सुमेधच्या बायकोनं, पूर्वीनं, म्हटलं, "आता एखाद्या शुक्रवारी घरी दिसशील तरी!"

दुहेरी कुलपाच्या खोलीचे फोटो, प्रतिविषाबद्दल हॉस्पिटलचं पत्र, सगळ्याची अरबी भाषांतरं जमली. फक्त कंपनीची सही राहिली. तिच्याशिवाय अर्ज पुढे जात नव्हता.

मॅनेजर कर्णिक पुण्याचे. ते म्हणाले, "पगारे, वाळूतला साप चावला तर तो अपघात. तू ठेवलेला चावला तर जबाबदारी माझी. सही कशी करू?"

"सर, साकिबचा पाय गेला."

"माहितीये मला. कागद ठेवून जा."

कागद सात महिने टेबलावर पडून राहिले.

मे महिन्यात बलराम नावाच्या ओडिशाच्या वेल्डरच्या हाताला साप चावला. सुमेध तेव्हा अहमदी शहरात मीटिंगमध्ये होता. तो पोचला तेव्हा दोरी बांधलेली होती, हात काळानिळा पडला होता, आणि माणसं साप शोधून ठेचण्यात चाळीस मिनिटं घालवून बसली होती.

"दोरी नको म्हणून सांगितलं होतं ना मी?" सुमेध ओरडला.

"सांगितलं होतं, साहेब," फोरमन म्हणाला. "त्या वेळी काही सुचलंच नाही."

तिसऱ्या दिवशी बलराम गेला. त्यानंतरच्या रविवारी कर्णिकांनी सही केली.

सरकारी कामं बघणारा कंपनीचा मंदूब सुमेधला घेऊन परवान्याच्या खिडकीवर गेला. तिथल्या माणसानं फाइल नीट वाचली, मान डोलावली, मग स्क्रीनवर सुमेधच्या इकाम्याची, म्हणजे तिथं राहायच्या परवान्याची, तारीख बघून अरबीत काहीतरी बोलला.

"साप ठेवणाऱ्याचा इकामा निदान वर्षभराचा पाहिजे," मंदूबनं सांगितलं. "तुझे चार महिने राहिलेत. कंपनी वाढवणार आहे का?"

सुमेधनं तिथूनच कर्णिकांना फोन लावला.

"वाढवणार कसा?" कर्णिक म्हणाले. "सप्टेंबरला प्रोजेक्ट आपल्या हातून जातोय. तुला एचआरनं कळवलं नाही?"

सुमेधला कुणीच कळवलं नव्हतं. खिडकीतल्या माणसानं फाइल हलकेच त्याच्याकडे सरकवली आणि पुढच्याला बोलावलं.

घरी आल्यावर तो बूट न काढताच सोफ्यावर बसला. पूर्वीनं पाणी आणून दिलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "नव्या कंपनीतला कुणीतरी करेल."

"कोण करेल? त्यांना साकिब माहीत नाही, बलराम माहीत नाही. माणसं मात्र तीच राहणार आहेत, त्याच वाळूत." ती त्याच्या शेजारी बसून राहिली. पाण्याचा ग्लास तसाच त्याच्या हातात होता.